एका मुक्कामाची हलकी सॅक: आधी पाणी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला लातूर. दिवाळीनंतर दोन दिवस-एक रात्र अशा भटकंत्या करायच्या आहेत. सोयगाव-कन्नडकडचे किल्ले, आणि जमलं तर बालाघाटच्या माळावर एखादा मुक्काम. घरात आहे ती ६५ लिटरची सॅक रिकामीच अडीच किलो भरते. ऑनलाइन एक ४० लिटरची, ७०० ग्रॅमची, पाठीला फ्रेम नसलेली सॅक तुम्हाला आवडली आहे. बजेट सहा-सात हजार. घ्यावी का?

हलकी सॅक जरूर घ्या, पण ही नको. आणि ते सांगताना मी सॅकबद्दल कमी आणि पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

बिनफ्रेमच्या अतिहलक्या सॅकची कल्पना ज्या वाटांवर रुजली, तिथे पाण्याची फारशी चिंता नाही. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल घ्या. ओढे-झरे जागोजागी भेटतात, एक-दीड लिटर पाणी घेऊन चालायचं, संपलं की गाळून पुन्हा भरायचं. स्कॉटलंडच्या डोंगरातही तेच. तिथला माणूस ७०० ग्रॅमच्या सॅकमध्ये सहा-सात किलो घालून मजेत चालतो, कारण त्याच्या ओझ्यात पाण्याचा वाटा नगण्य असतो. आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा पाटोद्याच्या माळावर दिवाळी सरली की नाल्यांतलं पाणी झपाट्याने उतरतं. सोयगावकडच्या सुतोंडा किल्ल्यावर खोदीव टाक्यांची रांगच आहे, पण कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी उरलंय आणि कुठल्यात हिरवा तवंग आलाय हे वर पोचल्यावरच कळतं. त्या भरवशावर सॅक निवडायची नसते. फेब्रुवारी-मार्चनंतर तर पायथ्याच्या गावातही हापश्याला पाणी येईल की टँकरची वाट बघावी लागेल, हे विचारूनच निघावं.

आता हिशोब करू. थंडीतली गोष्ट, एक माणूस, दुपारी चढायला सुरुवात, वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली. चढताना दीड लिटर. संध्याकाळ ते झोपेपर्यंत जेवणासकट दीड लिटर. सकाळचा चहा, तोंड धुणं यात पाऊण लिटर. उतरताना एक. म्हणजे पावणेपाच; पाच धरून चला. पाच लिटर म्हणजे पाच किलो. तुमच्या सॅकमधली सगळ्यात जड वस्तू तंबू नाही की स्लीपिंग बॅग नाही, पाणी आहे.

बाकीचं सामान पाहा. मोजूनमापून घेतलं तर ते असं बसतं: ताडपत्रीवजा हलका टार्प, खालची शीट, खुंट्या आणि दोऱ्या ९०० ग्रॅम. स्लीपिंग बॅग ९०० ग्रॅम. फोमची मॅट ४०० ग्रॅम. छोटी गॅस शेगडी, सिलिंडर आणि एक भांडं मिळून ६५० ग्रॅम. गरम जाकीट, टोपी, जादा मोजे वगैरे ७०० ग्रॅम. हेडटॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचार आणि किरकोळ वस्तू ६०० ग्रॅम. खाणं ९०० ग्रॅम. बेरीज झाली ५ किलो ५० ग्रॅम. त्यात किलोभराची सॅक धरा, सहा किलो. इथपर्यंत तुमची आवडती ४० लिटरवाली बिचारी अगदी योग्य वाटते. मग पाणी घाला. अकरा किलो झाले.

बिनफ्रेमची सॅक साधारण आठ-नऊ किलोपर्यंत सुखाने पेलवते. त्यापुढे ओझं कंबरेवर पोचतच नाही. सॅक मधेच दुमडते, खाली बसते आणि सगळा भार खांद्यांवर लोंबतो. फ्रेमचं काम एवढंच: खांद्याकडचं वजन ताठपणे कंबरपट्ट्यापर्यंत नेणं, म्हणजे ते कंबरेच्या हाडांवर टेकतं आणि मांड्या ते उचलतात. याला काही फार लोखंड लागत नाही. ॲल्युमिनियमची एक-दोन पट्ट्यांची किंवा कडेने फिरवलेल्या पातळ सळीची फ्रेम पुरते. ७०० ग्रॅमची बिनफ्रेम आणि ११०० ग्रॅमची फ्रेमवाली यात फरक ४०० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा कमी पाण्याचा. त्या ४०० ग्रॅममध्ये तुमचे खांदे सुटतात. हा सौदा मी डोळे मिटून करेन.

बिनफ्रेमवाले एक युक्ती सांगतात: फोमची मॅट घडी करून पाठीशी सरकवायची, तीच फ्रेम होते. युक्ती खरी आहे. सात-आठ किलोला चालते, अकराला नाही. पायथ्याशी पाणी असलेल्या ठिकाणीच कायम मुक्काम करणार असाल तर मात्र माझं म्हणणं बदलेल, त्यावर पुढे येतो.

कंबरपट्टा नावाचा जो नुसता बोटभर रुंदीचा पट्टा काही हलक्या सॅकना लावलेला असतो, तो कंबरपट्टा नव्हे. तो सॅक हलू नये म्हणून असतो. वजन पेलायचं तर दोन्ही बाजूंना फोमची गादी हवी आणि ती कंबरेच्या हाडांवरून पुढे यायला हवी. तपासायची पद्धत सोपी: सॅक भरून चढवा, कंबरपट्टा घट्ट करा, मग खांदेपट्टे पूर्ण सैल सोडा. सॅक जागेवर राहिली तर पट्टा काम करतोय. खाली घसरली तर बक्कल कितीही भारी असो, उपयोग नाही.

माप हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून त्यावर जरा थांबतो. लोक लिटर बघतात, रंग बघतात, पाठीची लांबी कुणी बघत नाही. उंची आणि पाठ यांचा थेट संबंध नसतो. सहा फुटी माणसाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी जो मणका सगळ्यात वर येतो तिथे घरातल्या कुणाला तरी बोट ठेवायला सांगा. मग दोन्ही हात कंबरेच्या हाडांच्या वरच्या काठावर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे पाठीचा कणा छेदते तिथपासून त्या मणक्यापर्यंत टेपने मोजा. शिंप्याचा टेप चालतो. बहुतेकांचं माप ४३ ते ५३ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. आता सॅकच्या वर्णनात पाठीचं माप दिलंय का पाहा. दिलं नसेल आणि सगळ्यांना एकच आकार असेल, तर मागची खांदेपट्ट्यांची जागा वर-खाली सरकवता येते का ते पाहा. दोन्ही नसेल तर पुढे जा. तुमच्यासोबत घरातली बाई सॅक वापरणार असेल तर तिची वेगळी सॅक घ्या किंवा पाठ सरकवता येणारी घ्या. खांदेपट्ट्यांचा बाक आणि कंबरपट्ट्याचा कोन स्त्रियांसाठी वेगळा लागतो, आणि नवऱ्याची सॅक बायकोला टोचते याचं कारण तिचा नाजूकपणा नसून तो कोन असतो.

आता कापड. इथे मराठवाड्याचं रान तुमच्याऐवजी निवड करतं. वेताळवाडी किल्ल्याच्या उतारावर काय किंवा बालाघाटात काय, तुम्ही बाभूळ, हिवर, बोर आणि घाणेरी यांच्यातून वाट काढत असता. दिवाळीनंतर कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळं नुसती मोज्यात जात नाहीत, सॅकच्या जाळीत शिरतात, वळत वळत आत जातात आणि रात्री स्लीपिंग बॅगेत भेटतात. म्हणून हलक्या सॅकच्या बाहेर जी मोठी ताणाची जाळी असते, ओलं जाकीट कोंबायला, ती आपल्याकडे पहिल्याच हंगामात फाटते. बाहेरचे खिसे हवेत, पण विणलेल्या जाळीचे नाही, अंगाच्याच कापडाचे.

कापडाची जाडी डेनियरमध्ये लिहितात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. अतिहलक्या सॅकचं अंग ३० ते ७० डेनियरचं असतं. माझ्या मते आपल्या रानाला अंग १०० डेनियरच्या आसपास आणि तळ २१० किंवा जास्त, हे योग्य. नायलॉन असेल तर घासाला चांगलं. पॉलिएस्टर उन्हाला थोडं जास्त टिकतं पण घासाला नायलॉनपेक्षा कमी. चौकटीच्या विणीचं, ज्याला रिपस्टॉप म्हणतात, ते कापड काट्याने भोक पडू नये म्हणून नसतं. भोक पडलं तर ते पुढे फाटत जाऊ नये म्हणून असतं. हा फरक विक्रेते सांगत नाहीत. डायनीमा मिश्रणाचं महागडं कापड ताणाला जबरदस्त आणि जवळपास वजनहीन, पण घासाघाशीला तेवढं भरवशाचं नाही आणि तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला.

दुकानात कापडापेक्षा शिलाईकडे जास्त बघा. खांदेपट्टा जिथे सॅकला जोडलाय तिथे आडव्या दाट टाक्यांची पट्टी असायला हवी, एकाच ओळीची साधी टीप नाही. सॅक उलटी करून आतल्या कडा बघा. कापडाचे धागे मोकळे सुटलेले दिसले तर वर्षभरात शिवण उसवेल. बक्कल फार बारीक असतील तर तुटल्यावर बदली मिळत नाही. २० किंवा २५ मिलिमीटरचं बक्कल लातूर-नांदेडच्या कुठल्याही बॅग दुरुस्तीवाल्याकडे मिळून जातं. पट्टा उसवला तर ट्रॅक्टरची सीट नाहीतर ताडपत्री शिवणाऱ्याकडे जा, त्याच्या मशीनला जाड दोरा चालतो. फक्त दोरा नायलॉनचा घाला म्हणून सांगा. सुती दोरा पावसात कुजतो. कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर साधी चिकटपट्टी त्यावर टिकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आतून पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या सॅक उष्णता आणि दमट हवा एकत्र मिळाली की काही वर्षांनी आतून चिकट होतात, लेप सोलला जातो, वास येतो. पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात, ओलसर सॅक माळ्यावर टाकली तर हे लवकर होतं. वाळवून, घरातल्या गार कोपऱ्यात टांगून ठेवा.

पावसाबद्दल थोडक्यात. आपला मुलूख कोकण नाही. वर्षाकाठी मराठवाड्यात सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तुम्ही जाणार दिवाळीनंतर. जलरोधक सॅकसाठी हजार-दोन हजार जास्त देऊ नका. किराण्याच्या ठोक दुकानात मिळणारी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आत अस्तरासारखी लावा, त्यात स्लीपिंग बॅग आणि कपडे. बाहेरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं आणि बाभळीला अडकतं. ते घरी राहू दे. शंभरेक ग्रॅम तिथेच वाचले.

लिटरचं काय? ४० की ५०? पाणी हलकं करता येत नाही, पण त्याला जागा किती लागते हे ठरवता येतं. दोन लिटरच्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या वापरा. पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन, मजबूत, आणि किती पाणी उरलं ते दिसतं. स्टीलची लिटरभराची बाटली रिकामीच पाव किलोच्या पुढे जाते. नळीवाली पाण्याची पिशवी मला आवडत नाही. काटा लागला तर कळेपर्यंत स्लीपिंग बॅग भिजलेली असते. दोन लिटरच्या दोन बाटल्या उभ्या, पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांपासून कमरेच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यात बसायला हव्यात. जड सामानाची जागा तीच. तळाशी ठेवलं तर सॅक मागे खेचते, सगळ्यात वर ठेवलं तर उतरताना तोल जातो. पाचव्या लिटरची बाटली बाजूच्या खिशात, सॅक न उतरवता हात पोचेल अशी. आपल्याकडच्या परवडणाऱ्या स्लीपिंग बॅगा कृत्रिम तंतूंच्या असतात आणि दाबूनही दहा-बारा लिटर जागा खातात. हे सगळं धरून ४५ लिटरच्या आसपासची सॅक बरोबर बसते. ५० घेतलीत तर बिघडत नाही, पण ६० कडे जाऊ नका. जागा असली की घरचे तीत आणखी दोन डबे घालतातच. एसटीच्या वरच्या फळीवरही ४५ लिटर बसते, ६५ ची सॅक वाटेत ठेवावी लागते आणि कंडक्टरचं ऐकावं लागतं.

वरचं झाकण काढता येणारं असेल तर उत्तम. एका रात्रीसाठी झाकण घरी ठेवा, दोनशे-एक ग्रॅम कमी होतात. तोंड गुंडाळून बंद होणारी सॅक त्याहून सुटसुटीत, चेनची भानगड नाही. पाठीला हवा लागावी म्हणून ताणलेल्या जाळीची पाठ असते ती छान वाटते, पण तिचं वजन जास्त आणि ओझं पाठीपासून काही सेंटीमीटर मागे जातं. थंडीच्या भटकंतीला साधी फोमची खाचांची पाठ पुरे. आणि एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत डोंगर चढण्यासाठी कुठलीच सॅक बनलेली नाही.

थंडीची मात्र हेटाळणी करू नका. मराठवाडा म्हणजे ऊन असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. परभणीकरांना विचारा डिसेंबरची पहाट. छत्रपती संभाजीनगरकडच्या डोंगरांवर जानेवारीत आठ-दहा अंश ही नेहमीची गोष्ट, कधी त्याच्याही खाली. तेवढ्या थंडीतही उबदार राहणारी स्लीपिंग बॅग आणि कान झाकणारी टोपी यांत वजन वाचवू नका. वाचवायचं तर स्वयंपाकात वाचवा. धपाटे, ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. एका रात्रीला एवढं पुरतं. शेगडी-भांडं-सिलिंडर गेलं, ६५० ग्रॅम गेले, शिवाय भांडी धुवायचं आणि शिजवायचं पाणी वाचलं ते वेगळं. चहाशिवाय ज्यांना सकाळ होत नाही त्यांचा प्रश्न वेगळा, पण अशी माणसं स्वतःची शेगडी स्वतः वाहायला तयार असतात.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. मुक्काम नेमका कुठे? किल्ला संरक्षित स्मारक असेल तर वर तंबू ठोकणं, चूल मांडणं चालत नाही. कन्नडच्या बाजूला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा गुन्हा आहे. तिथे बिबट्या आहे हे कायद्याच्याही आधी ध्यानात घ्यायचं. म्हणून बहुतेक वेळा शहाणपणाचा बेत असा ठरतो: वन खात्याच्या कार्यालयात विचारून, किल्ला दिवसा बघायचा आणि रात्री पायथ्याच्या गावात देवळाच्या सभामंडपात किंवा शेतकऱ्याला विचारून त्याच्या कापणी झालेल्या रानात पाठ टेकायची. अशा बेतात पाणी गावातच मिळतं, चढताना दोन लिटर पुरे, सामानाचं ओझं गावात ठेवता येतं. केवळ एवढंच करणार असाल, तर तुमची ७०० ग्रॅमवाली सॅक चालून जाईल. पण तुम्ही बालाघाटच्या माळाचं नाव घेतलंत. तिथे वस्तीपासून दूर मोकळ्यावर मुक्काम म्हणजे पाठीवर पाच लिटर, आणि सॅक सोप्या रात्रीसाठी नाही, त्या रात्रीसाठी निवडायची.

बजेटबद्दल. सहा-सात हजारांत हजार ते तेराशे ग्रॅमची, फ्रेम आणि खरा कंबरपट्टा असलेली, ४५-५० लिटरची सॅक शोधली तर मिळते. परदेशी नावाजलेल्या हलक्या सॅक याच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या असतात आणि त्यांचा बराचसा फायदा कापडात असतो, जे आपली बोर-बाभूळ सारख्याच ममतेने फाडते. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. दरवर्षी तेच नाव राहतं आणि कापड पातळ होतं. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका, त्यात कधी झाकण धरलेलं नसतं, कधी कंबरपट्टा. हाती आली की आधी काट्यावर ठेवा.

पण त्याही आधी एक करा. जुन्या सॅकसह सगळं सामान एकेक करून वजन करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा शे-दोनशे रुपयांत मिळतो. पाणी आणि सॅक सोडून सामान आठ किलो निघालं, तर नवी सॅक घेऊन दीड किलोच कमी होईल आणि तुमचे पैसे चुकीच्या जागी जातील. तेव्हा आधी स्लीपिंग बॅग आणि तंबू बदला, मगच सॅक. सामान पाच-साडेपाच किलोच्या आत असेल तर सॅक लगेच बदला, फरक पहिल्या चढालाच जाणवेल.

ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत किती दिवसांची ते बघून मागवा. आली की लेबल न काढता तीत पाच किलो ज्वारीची पिशवी, दोन-दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि तुमचं अंथरूण घाला. दहा-अकरा किलो होईल. घरातल्या घरात पाऊण तास घाला, त्यातली वीस मिनिटं जिन्यावर, चढउतार दोन्ही. खांद्यावर लाल वळ, कमरेच्या हाडावर टोचणं, किंवा पट्टे दर पाच मिनिटांनी आपोआप सैल होणं, यातलं काहीही झालं तर परत पाठवा.

दुकानात घेणार असाल तर ज्वारीची तीच पिशवी घेऊन जा. दुकानदार हसेल. हसू द्या, पण सॅक रिकामी पाठीवर टाकून आरशात बघून घेऊ नका.